तयार एनपीसी स्टॅट ब्लॉक: कुठे शोधायचे, कसे निवडायचे, कसे वापरायचे

टेबलावरच्या रोल-प्लेइंग खेळात खेळाडू कधी कोणावर तलवार उपसतील याचा नेम नसतो. तुम्ही गुहेतल्या ड्रॅगनची जय्यत तयारी करून बसता आणि मंडळी वेशीवरच्या पहारेकऱ्याशीच हुज्जत घालून फासे हातात घेतात. मग त्याचा एसी (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) किती, हिट पॉइंट (किती मार सोसेल तो आकडा) किती, भाल्याच्या वाराला किती मिळवायचे, हे तिथल्या तिथे सांगावं लागतं. खेळ चालवणारा गेम मास्टर वठवतो अशा पात्राला एनपीसी म्हणतात, आणि त्याच्या आकड्यांच्या चौकटीला स्टॅट ब्लॉक. हे आकडे स्वतः बसून काढायची गरज फार क्वचित पडते. कोणीतरी ते आधीच काढलेत, खेळून तपासलेत आणि बऱ्याच खेळांच्या बाबतीत मोफतही ठेवलेत. नवख्या गेम मास्टरचं घोडं अडतं ते दोन ठिकाणी: शोधायचं कोणत्या नावाने, आणि सापडलेलं आपल्या टेबलावर चालेल का.

हा लेख मुख्यतः डंजन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती (पुढे नुसतं ५ई) आणि पाथफाइंडर खेळणाऱ्यांसाठी आहे. जुन्या धाटणीचे खेळ खेळणाऱ्यांसाठीही मधेमधे काही आहे.

हाताशी काय असावं

- तुमच्या खेळाची नेमकी आवृत्ती, सालासकट.
- पार्टीतल्या (खेळाडूंच्या गटातल्या) प्रत्येक कॅरेक्टरचा लेव्हल, एसी आणि कमाल हिट पॉइंट, एका कागदावर. हा कागद नसेल तर पाचव्या पायरीत नुसते अंदाज बांधावे लागतील.
- खेळाचा एसआरडी, म्हणजे नियमांचा मोफत, खुला भाग. ५ईसाठी तो पीडीएफमध्ये मिळतो.
- कोरी कार्डं, वही किंवा फोनमधलं नोट्सचं अ‍ॅप.

१. याला आकडे लागणार आहेत का, ते आधी ठरवा

बहुतेक एनपीसींना स्टॅट ब्लॉक लागतच नाही. ज्याच्याशी फक्त बोलायचं आहे त्याला नाव, एक लकब आणि त्याला काय हवं आहे एवढं पुरतं. ज्याला फसवायचं, पटवायचं किंवा ज्याच्या नजरेतून सटकायचं आहे, त्याला एखादाच आकडा लागतो. घासाघीस करणाऱ्या व्यापाऱ्याच्या नावापुढे ‘इनसाइट +४’ (समोरच्याचा डाव ओळखण्याचं कौशल्य) लिहिलं की झालं. पूर्ण ब्लॉक शोधायचा तो फक्त लढण्याची शक्यता असलेल्यांसाठी.

सामान्य गावकऱ्यांसाठी ५ईमध्ये ‘कॉमनर’ आहे: एसी १०, हिट पॉइंट ४, ताकद-चपळाईसारख्या सहाही अ‍ॅबिलिटी १०. अख्ख्या गावाला हा एकच ब्लॉक चालतो. पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीतला कॉमनर तर उणे एक लेव्हलचा आहे. प्रत्येक दुकानदाराला वेगळे आकडे देत बसणं ही हौस आहे. हौस म्हणून जरूर करा, पण तिला तयारी समजू नका.

२. आवृत्ती पक्की करा

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. शोधयंत्रात ‘नाइट’ टाकलात तर चार वेगवेगळ्या खेळांतले नाइट समोर येतात, आणि दिसायला सगळे सारखेच.

डंजन्स अँड ड्रॅगन्सची तिसरी आवृत्ती २००० साली आली, तिची सुधारित ३.५ आवृत्ती २००३ मध्ये. ३.५च्याच पायावर २००९ मध्ये पाथफाइंडर उभा राहिला. या घराण्यात एनपीसी खेळाडूंच्याच नियमांनी बनतो, म्हणून ब्लॉकच्या डोक्यावर ‘ह्यूमन फायटर ५’ असं क्लास आणि लेव्हल दिसतं. २०१४ मध्ये आलेल्या ५ईने ही पद्धत सोडली. तिथे एनपीसीला लेव्हल नसतो, चॅलेंज रेटिंग म्हणजे सीआर असतो. पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीनेही (२०१९) एनपीसीला राक्षसांसारखं थेट आकड्यांनी बनवायला सुरुवात केली, पण तिथे त्या आकड्याला लेव्हलच म्हणतात.

हे आकडे एकमेकांत बदलून चालत नाहीत. ३.५मध्ये बाराव्या लेव्हलच्या फायटरचा नुसता मूळ अटॅक बोनस +१२ असतो, त्यावर ताकद आणि जादूची तलवार वेगळी. ५ईमध्ये सीआर १२ला प्रोफिशियन्सी बोनस (कसबासाठी मिळवायचा आकडा) +४ आहे. ३.५चा फायटर ५ईच्या टेबलावर आणलात तर त्याचा नेम चुकणारच नाही.

काही जोड्या मात्र जमतात. ३.५ खेळणाऱ्यांना पाथफाइंडरच्या पहिल्या आवृत्तीचे ब्लॉक थोड्या डागडुजीने वापरता येतात. सीएमबी आणि सीएमडी हे झटापटीचे आकडे सोडून द्यायचे, आणि ‘परसेप्शन’चा आकडा ‘स्पॉट’ आणि ‘लिसन’ दोन्हींसाठी धरायचा. ५ईच्या २०१४ आणि २०२४च्या ब्लॉकांची सरमिसळही चालते. फक्त काही नावं बदलली आहेत: जुना ‘थग’ नव्यात ‘टफ’ झाला, ‘व्हेटरन’ आता ‘वॉरियर व्हेटरन’ आहे. नव्या यादीत थग सापडत नाही म्हणून बुचकळ्यात पडू नका.

जुन्या धाटणीच्या खेळांत एसी उलटा चालतो: आकडा लहान तितकं चिलखत चांगलं. चिलखत नसलेल्याचा एसी ९ धरणारा खेळ असेल तर १९मधून तो आकडा वजा करा, १० धरणारा असेल तर २०मधून. आला तो आजच्या पद्धतीचा एसी.

३. मोफत आणि अधिकृत ठिकाणांपासून सुरुवात करा

५ईसाठी पहिली जागा एसआरडी ५.१. जानेवारी २०२३ मध्ये तो क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला. त्याच्या शेवटच्या परिशिष्टात २१ एनपीसी आहेत, अ‍ॅकोलाइटपासून व्हेटरनपर्यंत. एकवीस म्हणजे थोडे वाटतील, पण चौथी आणि सहावी पायरी नीट जमली तर तेवढ्यावर लांबलचक कॅम्पेन निघतं. एप्रिल २०२५ मध्ये आलेला एसआरडी ५.२ही त्याच परवान्याखाली आहे. तिथे एनपीसींचं वेगळं परिशिष्ट नाही, ते राक्षसांच्या वर्णानुक्रमातच मिसळलेले आहेत. परिशिष्ट शोधत शेवटच्या पानावर जाल आणि रिकाम्या हाताने परत याल, म्हणून आधीच सांगतो.

पाथफाइंडरवाल्यांचं काम सोपं आहे. आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस या संकेतस्थळावर दोन्ही आवृत्त्यांचे नियम अधिकृत परवानगीने, मोफत आहेत. एनपीसींचा विभाग वेगळा आहे आणि लेव्हलनुसार चाळणीही लावता येते. पहिल्या आवृत्तीसाठी २०१२चं ‘एनपीसी कोडेक्स’ ही खाणच आहे: मूळ नियमपुस्तकातल्या प्रत्येक क्लासचे पहिल्यापासून विसाव्या लेव्हलपर्यंतचे तयार एनपीसी. ‘आत्ताच्या आत्ता सातव्या लेव्हलची चेटकीण हवी’ अशी वेळ आली की याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

ओपन५ई या संकेतस्थळावर एसआरडीबरोबर इतर प्रकाशकांचे खुल्या परवान्यातले ब्लॉकही एकत्र शोधता येतात. ऑनलाइन खेळत असाल तर फाउंड्री आणि रोल२० यांच्या कंपेंडियममध्ये एसआरडीतले एनपीसी आधीच भरलेले आहेत. तिथून ते थेट नकाशावर ओढून टाकायचे, आकडे टाइप करायचा त्रास नाही. याहून जास्त हवं असेल तर ड्राइव्हथ्रूआरपीजी आणि डीएम्स गिल्ड या विक्रीच्या संकेतस्थळांवर छोटे पीडीएफ संच मिळतात. त्यातल्या काहींची किंमत ‘हवी तेवढी द्या’ अशी असते.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. अख्खी पुस्तकं उचलून टाकलेल्या संकेतस्थळांच्या वाटेला जाऊ नका. कायद्याचा प्रश्न आहेच, शिवाय तिथे कुठला ब्लॉक कुठल्या आवृत्तीचा हे पुसलं गेलेलं असतं. दुसरं, बटण दाबलं की एनपीसी तयार करून देणारी साधनं आणि एआय. ती आवृत्त्यांची खिचडी करतात, आणि ती इतक्या आत्मविश्वासाने वाढतात की शंका येत नाही. ५ईचा ब्लॉक खरा आहे का हे तपासायची सोपी रीत अशी: अटॅक बोनस म्हणजे अ‍ॅबिलिटीचा मॉडिफायर अधिक प्रोफिशियन्सी. सीआर ४पर्यंत प्रोफिशियन्सी +२, ५ ते ८ला +३, ९ ते १२ला +४. गार्डची ताकद १३, म्हणजे +१. त्यात २ मिळवा, भाल्याला +३ आले, आणि ब्लॉकमध्ये तेच छापलेलं आहे. हिट पॉइंटचं तसंच: २डी८+२ची (दोन आठफाशे अधिक २) सरासरी नऊ अधिक दोन, अकरा. हे दोन हिशेब जुळले नाहीत तर आधी कारण शोधा. एखादं जादूचं शस्त्र किंवा खास गुण असेल तर ठीक. तसं काहीच नसेल तर तो ब्लॉक सोडून द्या.

४. व्यवसायाने शोधू नका, लढतीतल्या कामाने शोधा

लोक ‘लोहार’, ‘सराईचा मालक’, ‘जहाजाची कप्तान’ असं शोधतात आणि काही मिळत नाही म्हणून हात टेकतात. नियमपुस्तकाला लोहाराशी देणंघेणं नसतं. तुम्ही स्वतःला विचारायचं: हा माणूस लढायला उतरला तर टेबलावर काय करेल? उत्तर आलं की ब्लॉक सापडला. ५ईच्या एसआरडी ५.१मधली नावं घेऊन सांगतो.

घोळक्याने येऊन पटापट पडणारे हवे असतील तर बँडिट, कल्टिस्ट, गार्ड. तिघेही सीआर १/८, हिट पॉइंट ९ ते ११. गार्डचा एसी १६ असल्याने तो जरा चिवट.

मार खाऊनही उभा राहणारा दांडगट हवा असेल तर थग. सीआर फक्त १/२, पण हिट पॉइंट ३२ आणि दोन वार, शिवाय साथीदार शेजारी असला की दोन फासे टाकून मोठा आकडा घेण्याचा अ‍ॅडव्हान्टेज. आपला लोहार तो हाच. गदेला हातोडा म्हणायचं. माझ्या मते त्या यादीतला सर्वात उपयोगी ब्लॉक हाच आहे, आणि त्याला फक्त गल्लीतला गुंड म्हणून वापरणं म्हणजे वाया घालवणं.

शिस्तबद्ध, कसलेला योद्धा हवा तर व्हेटरन किंवा नाइट, दोघेही सीआर ३. व्हेटरन जास्त वार करतो. नाइट एसी १८ घेऊन भिंतीसारखा उभा राहतो आणि सोबतच्यांना नेतृत्वाचा फायदा देतो. म्हणून एकट्या शत्रूसाठी व्हेटरन, चार शिपायांसोबतच्यासाठी नाइट. पूर्वी सैन्यात असलेली सराईची मालकीण? व्हेटरन, चिलखत काढून.

दुरून बाण मारणारा स्काउट. गर्दीतून घुसून एक घाव घालून निसटणारा स्पाय. दैवी जादूसाठी चढत्या क्रमाने अ‍ॅकोलाइट, मग प्रीस्ट. त्याच जादूचा दुष्ट अवतार कल्ट फॅनॅटिक. पहिल्या-दुसऱ्या लेव्हलच्या पार्टीला टोळीचा म्होरक्या हवा तर बँडिट कॅप्टन, आणि चौथ्या-पाचव्या लेव्हलच्या आसपास एकट्याने सगळ्यांना झुंजवणारा हवा तर ग्लॅडिएटर, सीआर ५, हिट पॉइंट ११२. जहाजाची कप्तान यातली कोणती, ते आता तुम्हीच सांगाल.

इंग्रजीत शोधताना नावाबरोबर आवृत्ती आणि सीआर दोन्ही टाका. पाथफाइंडरमध्ये सीआरच्या जागी लेव्हल. एवढ्याने निम्मा कचरा गळतो.

५. सीआरच्या पलीकडचं वाचा

सीआर हा ढोबळ अंदाज आहे: त्या आकड्याइतक्या लेव्हलचे चार ताजेतवाने साहसवीर या एकाला हरवू शकतील, इतकाच त्याचा अर्थ. माणसांच्या ब्लॉकमध्ये, खास करून जादूगारांच्या, तो हमखास चकवतो.

‘मेज’ नावाचा जादूगार घ्या. सीआर ६, हिट पॉइंट फक्त ४०. त्याची पाळी आधी आली तर फायरबॉल, ८डी६, सरासरी २८. तिसऱ्या लेव्हलच्या विझर्डचे हिट पॉइंट सतराच्या आसपास असतात. सेव्ह (बचावाचा फासा) हुकली की तो आडवा, आणि बरोबर उभे असलेलेही. पार्टीची पाळी आधी आली तर मात्र मेज तोंड उघडायच्या आत संपू शकतो. असा एनपीसी वापरायचा तर त्याच्या पुढे अंगरक्षक ठेवा आणि पहिल्या पाळीत तो काय करणार ते आधी ठरवून ठेवा. ऐन वेळी मंत्रांची यादी चाळत बसलात तर सगळ्यांचाच मूड जातो.

अ‍ॅसॅसिन दुसरा. सीआर ८, आणि त्याच्या प्रत्येक घावामागे ७डी६ विष, सरासरी २४. सेव्ह साधली तरी निम्मं लागतंच. दोन घाव लागले की मधल्या लेव्हलचं कॅरेक्टरही कोसळतं. कमी लेव्हलच्या पार्टीला ‘मारेकरी’ हवा असेल तर नाव मारेकऱ्याचं ठेवा, ब्लॉक स्पायचा.

म्हणून ब्लॉक निवडल्यावर तीन गोष्टी पार्टीच्या कागदाशी ताडून पाहा.

पहिली, त्याचा वार लागेल का? गार्डचे +३ आणि तुमच्या फायटरचा एसी १८ असेल तर फाशावर १५ किंवा जास्त हवेत, म्हणजे १००मधले ३० वार लागणार. व्हेटरनच्या +५ला १३ पुरतात, म्हणजे ४०.

दुसरी, सगळे वार लागले तर एका फेरीत किती नुकसान? व्हेटरनच्या लांब तलवारीचे दोन वार सात-सात, आखूड तलवारीचा एक सहा, एकूण वीस. पहिल्या लेव्हलच्या पार्टीत एवढे हिट पॉइंट कोणाकडेच नसतात.

तिसरी, संख्या. किरकोळ शत्रूंचा घोळका किरकोळ नसतो. २०१४च्या नियमांनी हिशेब करा: एका बँडिटचे २५ एक्सपी (अनुभवाचे गुण), आठ बँडिट २००. सात ते दहा शत्रूंसाठी अडीचपट, म्हणजे ५००. पहिल्या लेव्हलच्या चार जणांसाठी ‘डेडली’ची हद्द ४००ला सुरू होते. सीआर १/८चे आठ भुरटे, आणि सगळी पार्टी खलास होण्याची शक्यता. २०२४च्या नियमांनी हा गुणक काढून टाकला आहे, धोका मात्र आहे तिथेच आहे.

पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीत हा हिशेब बराच भरवशाचा निघतो. चार जणांच्या पार्टीच्या लेव्हलचा एक एनपीसी ४० एक्सपी, दोन लेव्हल वरचा ८०, आणि ८० म्हणजे मध्यम लढत. चार लेव्हल वरचा १६०, म्हणजे जिवावरचं काम.

एक मोह टाळा: शत्रूसाठी खेळाडूचं कॅरेक्टर शीट वापरण्याचा. ३.५मध्ये ते चालायचं. ५ईमध्ये खेळाडूंची कॅरेक्टर प्रचंड मारतात आणि त्या मानाने लवकर पडतात. शत्रूंचे ब्लॉक याच्या उलट बनवलेले असतात, म्हणजे लढत दोन-चार फेऱ्या टिकते.

६. नवं रूप द्या, आकड्यांना कमीत कमी हात लावा

नाव, पेहराव, बोलण्याची ढब, शस्त्राचं वर्णन: हे सगळं बिनधास्त बदला. एसआरडी ५.१ स्वतःच सांगतो की वंशाचे गुण जोडता येतात, मंत्र त्याच लेव्हलच्या दुसऱ्या मंत्राने बदलता येतात, चिलखत-शस्त्रही बदलता येतं. मात्र शस्त्र बदलताना पुढचा गुंता लक्षात घ्या.

बँडिट कॅप्टनपासून राजवाड्याच्या पहाऱ्याची प्रमुख बनवायची आहे असं धरू. तिच्या सिमिटरचा वार +५, १डी६+३, कारण ते शस्त्र चपळाईने (१६, म्हणजे +३) चालतं. त्या जागी लांब तलवार दिलीत की ती ताकदीवर (१५, म्हणजे +२) जाते आणि वार होतो +४, १डी८+२. सरासरी नुकसान आधीही सहा, आताही सहा. एवढ्या खटाटोपातून हाती काय आलं? त्यापेक्षा आकडे तेच ठेवा आणि तिच्या हातात ‘वाड्याची सरळ तलवार’ आहे असं सांगा, कोणाला पत्ता लागत नाही. चिलखताचं तसंच: चामडी चिलखतात तिचा एसी १५ चपळाईमुळे आहे. चेन मेल दिलीत तर सरळ १६ लिहा, चपळाई त्यात मिळवू नका.

कमी-जास्त कठीण करायचं तर हिट पॉइंट हलवा. बँडिट कॅप्टनचे छापलेले ६५ ही १०डी८+२०ची सरासरी आहे, ३० ते १०० यातला कोणताही आकडा नियमात बसतो. पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीत यासाठी तयार साचा आहे. ‘एलीट’ केलं की एसी, वार, सेव्ह, डीसी (समोरच्याने फाशावर गाठायचा आकडा), स्किल आणि शस्त्राचं नुकसान प्रत्येकी २ने वाढतं आणि लेव्हलनुसार हिट पॉइंट वाढतात. ‘वीक’ केलं की तेवढंच सगळं कमी होतं.

७. कार्डावर उतरवा

ब्लॉक जसाच्या तसा उतरवू नका. पहारेकऱ्याला एक ओळ पुरते: एसी १६, एचपी ११, भाला +३, १डी६+१, परसेप्शन +२. जादूगाराच्या कार्डावर तो खरोखर टाकणार असलेले तीन-चार मंत्रच लिहा, पण त्यांचं नुकसान, पल्ला आणि सेव्हचा डीसी यांसकट.

एक आकडा मी जुन्या खेळांतून उसना घेतो: मोराल. दोन सहाफाशे टाकायचे, बेरीज मोरालपेक्षा जास्त आली तर शत्रू कच खातो, पळतो किंवा शरण येतो. ५ईच्या ब्लॉकमध्ये हा आकडा नसतो आणि म्हणून नव्या टेबलांवर भुरटे चोरसुद्धा शेवटच्या श्वासापर्यंत लढतात. पोटासाठी लुटणाऱ्याला ६ किंवा ७ द्या, पगारी शिपायाला ८, धर्मवेड्याला ११.

दहा-बारा कार्डांचा गठ्ठा झाला की अचानक उद्भवणाऱ्या बहुतेक लढती त्यातून निभतात. कार्डाच्या मागे ब्लॉक कुठून घेतला तेही लिहून ठेवा. पुढची पायरी गाठलीत तर लागेल.

८. स्वतःचं साहस प्रसिद्ध करायचं असेल तर

घरच्या टेबलावर परवान्याचा प्रश्न येत नाही. साहस लिहून लोकांत वाटायचं किंवा विकायचं असेल तर येतो. एसआरडी ५.१ आणि ५.२मधला मजकूर वापरता येतो, विकताही येतो. अट एकच, श्रेय देण्याची. श्रेयाचा मजकूर एसआरडीच्या सुरुवातीलाच छापलेला आहे, तो जसाच्या तसा घ्यायचा. पाथफाइंडरच्या २०२३पासूनच्या सुधारित पुस्तकांसाठी ओआरसी नावाचा वेगळा परवाना आहे, आणि तो आधी पूर्ण वाचावा लागतो. एसआरडीत नसलेले ब्लॉक, जसं बिहोल्डर किंवा माइंड फ्लेयर, या मोकळिकीत येत नाहीत. डीएम्स गिल्डवर विकायचं असेल तर तिथल्या अटी आणखी वेगळ्या, त्या तिथेच वाचा.